कोणतं काम, कोणाला काम? बोल्डरच्या फिल कॉलियर यांची गोष्ट

कालगुर्ली म्हटलं की आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर पहिलं येतं ते सोनं. सुपर पिट ही अजस्र खाण, पॅडी हॅननचा पुतळा, उंटांचा तांडा सहज वळेल एवढा रुंद हॅनन स्ट्रीट आणि पर्थला परतणारी भरगच्च विमानं. आमच्यासारखे आयटीवाले इथे येतात ते खाणींच्या कामासाठी. सोमवारी सकाळी यायचं, गुरुवारी संध्याकाळी निघायचं. त्यामुळे गावाचा इतिहास आपल्याला बहुतेक पाट्यांवर वाचलेला तेवढाच माहीत. त्या पाट्यांवर हॅनन भेटतात आणि पाण्याचा नळ आणणारे इंजिनिअर सी. वाय. ओ'कॉनर भेटतात. पण या गावाने दिलेला एक मोठा माणूस आपल्या लोकांच्या बोलण्यात फारसा येत नाही. त्यांचं नाव फिलिप कॉलियर.

कॉलियर हे कालगुर्लीला चिकटून असलेल्या बोल्डर मतदारसंघाचे आमदार होते, आणि तेही थोडीथोडकी नव्हे, १९०५ ते १९४८ अशी सलग ४३ वर्षं! दोन वेळा ते वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री झाले. दोन्ही कारकिर्दी मिळून नऊ वर्षांहून जास्त काळ भरतो. या राज्यात मजूर पक्षाच्या दुसऱ्या कोणालाही एवढा काळ ती खुर्ची मिळालेली नाही. त्यांची दुसरी कारकीर्द महामंदीत सुरू झाली. हाताला काम नसलेल्या हजारो माणसांना सरकारने काम कसं द्यायचं, हा प्रश्न तेव्हा त्यांच्या टेबलावर होता. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या धंद्यातही २००१ची, २००८ची आणि अगदी अलीकडची अशा कपातीच्या लाटा आपण पाहिल्या आहेत. बेंचवर बसणं म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून या दिवाळी अंकासाठी त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

कॉलियर यांचा जन्म १८७३ साली व्हिक्टोरियात, मेलबर्नजवळच्या वुडस्टॉक या खेड्यात झाला. आयरिश वळणाचं कॅथलिक शेतकरी घर. शाळा लवकर सुटली. कोवळ्या वयातच कुदळ-फावडं हातात आलं आणि व्हिक्टोरियातल्या सोन्याच्या खाणींवर त्यांनी मजुरी केली. औपचारिक शिक्षण नसलं तरी वाचनाची गोडी होती आणि बोलणं प्रभावी होतं. मजूर चळवळीत या दोन्ही गोष्टींचा उपयोग झाला.

१८९०च्या दशकात व्हिक्टोरियात मोठी मंदी आली होती. बँका बुडाल्या, घरं ओस पडली आणि माणसं पोटासाठी पश्चिमेकडे निघाली. नेमकं १८९३ साली हॅनन आणि त्यांच्या साथीदारांना कालगुर्लीत सोनं सापडलं. त्यामुळे हे गाव वसलं तेच मुळी दुसरीकडच्या बेकारांनी. कॉलियर इथे आले ते मात्र १९०४ साली, तिशी ओलांडल्यावर. बोल्डरच्या पर्सिव्हरन्स खाणीत ते कामाला लागले. मुंडॅरिंगहून सुमारे ५३० किलोमीटरवरून आणलेलं पाणी जानेवारी १९०३ मध्ये गावात पोचलं होतं, पण ज्यांनी ते आणलं त्या ओ'कॉनर यांनी टीकेला कंटाळून १९०२ सालीच आत्महत्या केली होती. पाणी आलं तरी खाणीतली धूळ कमी झाली नव्हती. रोज ती छातीत भरत होती.

आल्यानंतर वर्षभरातच, १९०५ साली, हा खाणमजूर बोल्डरमधून विधानसभेवर निवडून आला. आजकाल नेते परगावाहून सुरक्षित मतदारसंघ शोधत येतात. हे गृहस्थ पोटापाण्यासाठी आले आणि गावाने त्यांना ठेवून घेतलं. १९११ साली जॉन स्कॅडन यांचं मजूर पक्षाचं सरकार आलं, तेव्हा कॉलियर मंत्री झाले. खाणी आणि रेल्वे ही खाती त्यांच्याकडे आली.

मग पहिलं महायुद्ध आलं. सक्तीच्या लष्करभरतीच्या प्रश्नावर मजूर पक्ष देशभर उभा फुटला. स्कॅडनसारखे जुने सहकारी पक्षाबाहेर गेले. कॉलियर सक्तीच्या विरोधात राहिले आणि १९१७ साली उरलेल्या पक्षाचे नेते झाले. मोडलेला पक्ष सांधायला त्यांना सात वर्षं लागली. एप्रिल १९२४ मध्ये ते प्रीमियर झाले.

त्यांची पहिली कारकीर्द तशी चांगल्या दिवसांची. भडक घोषणा करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा सुधारला, सरकारी विमा कार्यालय निघालं, सरकारी कामगारांसाठी ४४ तासांचा आठवडा आला. कालगुर्लीच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचं काम मात्र छातीच्या रोगाचं. १९२५ पासून इथल्या प्रयोगशाळेत खाणमजुरांच्या छातीचे एक्स-रे काढायला सुरुवात झाली. ज्यांना क्षय जडला होता त्यांना खाणीतून बाहेर काढून भरपाई द्यायची, अशी व्यवस्था झाली. त्यात एक कटू बाजूही होती. तपासणीत नापास झालेल्या माणसाची रोजीच जायची. जीव वाचवायचा की पगार, हा प्रश्न बोल्डरच्या कितीतरी घरांत त्या काळी चर्चिला गेला असेल.

१९२९च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया गहू आणि लोकर विकून जगणारं राज्य, आणि दोन्हींचे भाव पार तळाला गेले. एप्रिल १९३०च्या निवडणुकीत सर जेम्स मिचेल यांनी सगळ्यांना काम देण्याचं आश्वासन दिलं आणि कॉलियर हरले. तसं बघायला गेलं तर हा पराभव त्यांच्या पथ्यावरच पडला म्हणायचा, कारण पुढची तीन वर्षं कोणाच्याही हाताबाहेरची होती. १९३२च्या सुमाराला कामगार संघटनांच्या दर दहा सभासदांमागे जवळजवळ तिघे बेकार होते. सरकार बेकारांना शिधा आणि माणशी आठवड्याला सात शिलिंग देई. एकट्या पुरुषांना पर्थजवळच्या ब्लॅकबॉय हिल इथल्या जुन्या लष्करी तळावर ठेवलं जाई. मार्च १९३१ मध्ये बेकारांचा मोर्चा पर्थच्या ट्रेझरी इमारतीवर गेला आणि पोलिसांशी मोठी चकमक उडाली.

गंमत अशी, की सगळं राज्य उपाशी असताना कालगुर्लीत मात्र तेजी होती. १९३१ साली ऑस्ट्रेलियन पौंडाची किंमत घसरली, पुढे जगभरच सोन्याचा भाव चढला आणि १९३४ पर्यंत तो जवळपास दुप्पट झाला. बंद पडलेल्या खाणी पुन्हा उघडल्या. त्यातच जानेवारी १९३१ मध्ये लार्किनव्हिल इथे एका सतरा वर्षांच्या पोराच्या कुदळीला ११३५ औंसांचा सोन्याचा गोळा लागला. मग काय विचारता! मालगाड्यांवर लटकत, पायी, सायकलवर, मिळेल त्या मार्गाने बेकार कालगुर्लीकडे निघाले. सगळ्यांना पुरेल एवढं काम अर्थातच नव्हतं.

८ एप्रिल १९३३ रोजी राज्यात एकाच दिवशी दोन मतदानं झाली. एक विधानसभेचं आणि दुसरं ऑस्ट्रेलियापासून फुटून निघायचं की नाही यावरचं. वैतागलेल्या लोकांनी फुटण्याच्या बाजूने दोनास एक असा कौल दिला, आणि सरकार मात्र फुटण्याला विरोध असलेल्या मजूर पक्षाचं निवडलं. सोन्याच्या पट्ट्याने तर फुटण्यालाही नकार दिला. कॉलियर यांनी लोकांचा कौल धुडकावला नाही. कायदा केला, शिष्टमंडळ लंडनला पाठवलं. १९३५ साली ब्रिटिश संसदेच्या समितीने तो अर्ज विचारात घेता येणार नाही असं सांगितलं आणि प्रकरण थंड झालं. त्या निवडणुकीत मिचेल यांना स्वतःची जागाही गमवावी लागली होती. त्याच वर्षी कॉलियर सरकारच्या काळात त्यांची उपराज्यपालपदावर नेमणूक झाली. हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला असा मान देणं आज जरा दुर्मिळच.

आता मुख्य मुद्दा. काम कुठून आणायचं? कॉलियर स्वतःच अर्थखातं सांभाळत. तिजोरी रिकामी होती आणि राज्यांनी किती कर्ज काढायचं हे देशपातळीवरच्या मंडळाच्या हातात होतं. आधीच्या सरकारने बसवलेला आणीबाणीचा कर त्यांनी रद्द केला नाही, कमाईप्रमाणे चढता केला. जे कर्ज मिळालं ते कामांवर लावलं. शिधा देऊन बसवून ठेवण्यापेक्षा मजुरी देऊन काम द्यावं, ही यामागची दृष्टी. अर्थात बारा महिने काम पुरवणं शक्यच नव्हतं. म्हणून पाळ्या लावल्या. इतके आठवडे काम, मग इतके आठवडे घरी. ज्याचा संसार मोठा त्याला जास्त आठवडे. संघटनांचे लोक आपल्याच सरकारवर चिडले, कारण अर्धवेळ कामात पोट भरत नव्हतं. त्यांची तक्रार खोटी नव्हती.

पण कामं कोणती निवडली ते पाहण्यासारखं आहे. पर्थच्या आग्नेयेला कॅनिंग नदीवर धरण बांधायची कल्पना जुनीच होती. पर्थला उन्हाळ्यात पाणी पुरत नसे, हे सगळ्यांनाच माहीत होतं. १९३३ साली कॉलियर सत्तेवर आले, त्याच वर्षी हे काम सुरू झालं. इंजिनिअर होते रसेल डूमास. मदतकामावर आलेल्या मजुरांच्या हातांनी सुमारे ७० मीटर उंचीची काँक्रीटची भिंत १९४० साली पुरी झाली. पुढे १९६१ मध्ये सर्पेंटाइन धरण होईपर्यंत पर्थची तहान मुख्यतः या धरणाने भागवली. याशिवाय रस्ते, सांडपाण्याच्या वाहिन्या, दक्षिण-पश्चिमेकडचे कालवे आणि जंगलातली कामं अशी यादी मोठी आहे.

आणि दुसरं काम थेट कालगुर्लीचं. ओ'कॉनर यांचा नळ मूळचा जमिनीत चर खणून पुरलेला होता. प्रत्येकी २८ फुटांचे सुमारे ६०,००० पाइप शिसं ओतून जोडलेले. तीस वर्षांत खारट मातीने ते बाहेरून खाल्ले आणि सांधे गळू लागले. ५३० किलोमीटर वाहून आणलेलं पाणी वाटेतच मुरायला लागलं. १९३०च्या दशकात हे पाइप उकरून वर काढले, सांध्यांच्या जागी वेल्डिंग केलं आणि नळ जमिनीच्या वर टेकूंवर ठेवला. या कामावरही बेकारांना मजुरी मिळाली. वाळवंटात, तंबूत राहून, फावड्याने चर उकरण्याचं काम! पण गळती थांबली आणि खाणींच्या तेजीला लागणारं पाणी गावाला मिळालं. त्याच पाण्यावर १९३८ साली कालगुर्लीत ऑलिम्पिक मापाचा पोहण्याचा तलाव उघडला. वाळवंटातल्या पोरांना पोहायला मिळणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट असेल!

हे वाचताना आपल्याला आपली दुष्काळी कामं आठवल्याशिवाय राहत नाहीत. आपल्याकडे ही पद्धत जुनी. १८७६च्या दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचं आणि म्हसवडजवळच्या राजेवाडी तलावाचं काम निघालं ते उपाशी माणसांना मजुरी मिळावी म्हणूनच. १९७२चा दुष्काळ तर आपल्या आईवडिलांच्या तोंडून सगळ्यांनीच ऐकला आहे. सुकडी, खडी फोडण्याची कामं, उन्हात रांगेने बसलेल्या बायका. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २००५ साली केंद्रानेही ग्रामीण रोजगाराच्या हमीचा कायदा केला. त्या सगळ्या अनुभवातून एक गोष्ट दिसते. जिथे आराखडा आधी तयार होता तिथे पाझर तलाव झाले, रस्ते झाले. जिथे नव्हता तिथे फोडलेल्या खडीचे ढीग वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला पडून राहिले. दोन्हीकडे घाम सारखाच गाळला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकलॉग तयार नसेल, तर माणसं हाताशी असूनही काही उपयोग नाही. कॅनिंगचं धरण आणि कालगुर्लीचा नळ ही दोन्ही कामं कोणाला तरी खरोखर हवी होती, म्हणून ती टिकली.

कोणतं काम, या प्रश्नाचं उत्तर कॉलियर यांच्या काळात चांगलं मिळालं. कोणाला काम, या प्रश्नाची गोष्ट मात्र तेवढी सुखाची नाही, आणि तीही कालगुर्लीतच घडली.

खाणींत इंग्रज वंशाच्या मजुरांबरोबर इटालियन आणि युगोस्लाव्ह मजूरही होते. बाहेर बेकारांची रीघ लागलेली असताना हे परके आपल्या नोकऱ्या खातात, मुकादमाला लाच देऊन काम मिळवतात, कमी पैशांत राबतात, अशी कुजबुज गावात वाढत होती. जानेवारी १९३४ मध्ये ऑस्ट्रेलिया डेच्या सुट्टीत एका हॉटेलाच्या दारात भांडण झालं. इटालियन बारमनशी झालेल्या झटापटीत एक स्थानिक खाणमजूर पडला आणि दगावला. दुसऱ्या दिवसापासून जमाव सुटला. परदेशी लोकांची हॉटेलं आणि दुकानं लुटली, जाळली. मग बोल्डरच्या बाजूला डिंगबॅट फ्लॅट वस्तीतली त्यांची घरं पेटवली. दंग्यात दोघांचा जीव गेला. बायकापोरं घेऊन कुटुंबं रात्री झुडपांत लपली. पर्थहून खास आगगाडीने पोलीस पाठवावे लागले.

हे सगळं राज्याच्या प्रीमियरच्या स्वतःच्या मतदारसंघात. ज्या माणसाने तीस वर्षं मजुरांची एकजूट बांधली, त्याच्याच गावातल्या मजुरांनी मजुरांची घरं जाळली. दंगा शमल्यावरही परदेशी मजुरांबरोबर काम करणार नाही म्हणून खाणीत उतरायला लोक तयार नव्हते. जरा विचार करा, ती घरं जळाली त्यांतली कितीतरी माणसं इथे वर्षानुवर्षं राहिलेली, इथेच मुलं झालेली होती. चांगल्या दिवसांत शेजारी असलेला माणूस मंदीत एका रात्रीत परका ठरला.

आणखी एक गोष्ट आपण विसरू नये. आपण त्या काळी असतो तर दंग्यात सापडलो नसतो, कारण आपल्याला इथे येऊच दिलं नसतं. १९०१च्या कायद्याने गोरेतर माणसांना दार बंद केलं होतं आणि कॉलियर यांचा मजूर पक्ष त्या धोरणाचा कट्टर पाठीराखा होता. या सोन्याच्या पट्ट्यात पाणी आणि सामान वाहून आणणारे उंटवाले, ज्यांना सरसकट अफगाण म्हणत, त्यांतले बरेच जण त्या वेळच्या हिंदुस्थानातून आले होते. त्यांना सोनं शोधण्याचा परवाना मिळत नसे. इथल्या मूळ रहिवाशांना तर मंदीतली मदतही गोऱ्यांच्या बरोबरीने मिळत नसे. कितीतरी जणांची रवानगी मूर रिव्हरच्या वसाहतीत झाली. वंशावर आधारलेलं ते स्थलांतर धोरण १९७३ साली पूर्णपणे संपलं, आणि त्यानंतरच्या उघड्या दारातून आपण आलो. कॉलियर यांचं मोठेपण सांगताना हेही सांगायला हवं, नाहीतर ती गोष्ट अर्धीच राहील.

दगदगीचा परिणाम त्यांच्या प्रकृतीवर झाला. ऑगस्ट १९३६ मध्ये तब्येतीच्या कारणाने त्यांनी राजीनामा दिला आणि जॉन विलकॉक प्रीमियर झाले. तोपर्यंत बेकारांची संख्या बरीच खाली आली होती. खुर्ची सोडली तरी बोल्डरची आमदारकी त्यांनी सोडली नाही आणि बोल्डरनेही त्यांना सोडलं नाही. कॅनिंगचं धरण पुरं झालेलं त्यांनी पाहिलं, पण उद्घाटनाच्या वेळी प्रीमियर दुसरे होते. ऑक्टोबर १९४८ मध्ये, वयाच्या ७५व्या वर्षी, बोल्डरचे आमदार असतानाच ते गेले. शाळा अर्ध्यावर सोडलेला एक मजूर पोटासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला आला आणि तिथे इतकी वर्षं टिकला. आपल्यासारख्या घर सोडून आलेल्या लोकांना यातलं अर्धं तरी ओळखीचं वाटेल.

पर्थहून कालगुर्लीला कधी गाडीने गेलात, तर ग्रेट ईस्टर्न हायवेच्या कडेने तो नळ मैलोन्मैल सोबत करतो. मुलं मागच्या सीटवर कंटाळलेली असतील, तर गाडी कुठेतरी सुरक्षित जागी थांबवून त्यांना तो जवळून दाखवा. ओ'कॉनर यांचं नाव सांगा. आणि हेही सांगा, की नव्वद वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे काम नव्हतं अशा माणसांनी हा नळ मातीतून उकरून वर काढला, आणि कालगुर्लीत आपण नळ उघडल्यावर येतं ते पाणी आजही तिकडूनच येतं.